आधी झाकणाला कुलूप, मग कॅमेरा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चौदा-पंधरा हजार वस्तीचं गाव, नदीवर जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), टेकडीवर फिल्टर प्लांट, गावात दोन उंच टाक्या. एका टाकीच्या स्लॅबवर दारूच्या बाटल्या आणि मॅनहोलचं झाकण सरकवलेलं सापडलं. गावात बोंब झाली आणि आता नगरपंचायतीच्या सभेत सोळा कॅमेऱ्यांचा ठराव येतोय. कॅमेरे कुठल्या कंपनीचे घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून आधी दुसरंच सांगतो. सोळा कशाला? पाच-सहा पुरेत. उरलेल्या पैशांत कुलपं, जाळ्या आणि क्लोरीन मोजायचं यंत्र बसवा.

टाकीवर बाटल्या घेऊन जो कोणी चढला, तो शिडीनेच चढला. मग पहिलं काम शिडीचं. लोखंडी शिडी असेल तर खालचा आठ फुटांचा तुकडा कापून सुटा ठेवा, सिमेंटचा जिना असेल तर वर-खाली जाळीचं दार लावून कुलूप घाला. मॅनहोलला बिजागरीचं, कडा खाली वळलेलं झाकण हवं. नुसती फरशी ठेवलेली असते, ती कोणीही पायाने सरकवतो. व्हेंट पाइपचं, म्हणजे टाकीतली हवा जायच्या नळीचं, तोंड खाली वळवा, त्याला बारीक जाळी मारा. किल्ली कोणाकडे गेली आणि कधी परत आली, याची वही ठेवा. हे सगळं गावातला वेल्डर आठवड्याभरात करून देईल.

कॅमेरा अडवत नाही, दाखवतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात माउंट टेबर टेकडीवर पिण्याच्या पाण्याचे उघडे जलाशय होते. २०११ मध्ये एकाने तिथे लघवी केली, ती कॅमेऱ्यात आली, जवळपास ८० लाख गॅलन पाणी सोडून दिलं. एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा तेच, या वेळी १९ वर्षांचा पोरगा, आणि तिथल्या पाणी खात्याने ३.८ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १४ कोटी लिटर, फेकून द्यायचा निर्णय जाहीर केला. दोन्ही वेळा कॅमेरे चालू होते. २०१५ च्या अखेरीस मात्र, उघड्या जलाशयांबद्दलच्या सरकारी नियमामुळे, ते जलाशय पुरवठ्यातूनच काढले. खरा इलाज तो. आपल्याकडचं उदाहरण जास्त वाईट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात, वेंगैवायलला, दलित वस्तीच्या टाकीत मैला सापडला. ते उघडकीस आलं मुलं आजारी पडल्यावर.

आता जागा. टाकीच्या माथ्यावर कॅमेरा बसवायचा मोह होतो, पण तिथून फक्त टोप्या दिसतात. समोरच्या पोलवर बारा-तेरा फुटांवर बसवून शिडीच्या पायथ्यावर रोखा. चेहरा ओळखू यायचा तर चित्रात एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २,५६० असतात, म्हणजे दहा मीटर रुंदीपर्यंतच तो चेहरा देईल. ठेकेदार 'एकाच कॅमेऱ्यात पूर्ण आवार येतं' म्हणाला, तर आवार येईल, चोर कोण ते कळणार नाही. दोन टाक्यांना एकेक, प्लांटच्या फाटकाला एक, क्लोरीनच्या खोलीच्या दाराला एक, जॅकवेलच्या पुलाला एक. जॅकवेलजवळ बायका धुणं धुवायला येत असतील तर कॅमेरा घाटाकडे अजिबात फिरवू नका. नाहीतर ओरड होईल, आणि ती रास्त असेल.

सहावा कॅमेरा माणसांवर नको, आकड्यांवर रोखा. प्लांटवरचा फ्लो मीटर (किती पाणी वाहतंय ते दाखवणारा), टाकीच्या पातळीचा इंडिकेटर आणि क्लोरीनच्या यंत्राचा डिस्प्ले, तिन्ही एका चित्रात आले पाहिजेत. सगळ्या सहांत मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण ऐका. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकरटन गावात, वस्ती साधारण पाच हजार, जोराच्या पावसात शेतातलं शेणखत विहिरीच्या पाण्यात उतरलं. क्लोरीन पुरेसं नव्हतं आणि नोंदवहीत मात्र खोटे आकडे लिहिले जात होते. सात माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा, की क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती. तिथे कुंपण कोणी तोडलं नव्हतं, फाटकावर शंभर कॅमेरे असते तरी काही दिसलं नसतं. आपल्याकडेही 'क्लोरीन ०.२' असं महिनाभराचं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं रजिस्टर पाहिलं नाही असा माणूस या खात्यात विरळा. शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलं पाहिजे, हा भारतीय मानकाचा आकडा आहे. तो क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्याच्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या छोट्या संचाने, रोज तपासा, आणि प्लांटवरचा आकडा वेळेसकट कॅमेऱ्यात राहू द्या.

विक्रेता सांगत नाही त्या गोष्टी. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि कोळी जाळं थेट काचेसमोर विणतो. मग वाऱ्याने जाळं हललं की मोबाइलवर 'हालचाल आढळली', रात्रभर. चौथ्या दिवशी ऑपरेटर अलर्ट बंद करून टाकतो. उपाय साधा: इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट लांब वेगळा लावा आणि आठवड्याला लांब काठीच्या झाडूने काच पुसून घ्या. माकडं वायर ओढतात, म्हणून ती जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून न्या. टाकीजवळच्या पोलपासून ऑफिसपर्यंत तांब्याची वायर नको, फायबर टाका, नाहीतर वळवाच्या पहिल्या विजेत रेकॉर्डर जाईल. यूपीएस लागेलच. साठवणीचा हिशोबही घालून देतो: दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी खातो, सहा कॅमेऱ्यांचे महिन्याला चार टीबी. डिस्क सहा टीबीची घ्या.

कॅमेऱ्यांचं नेटवर्क पंपाच्या पॅनेलपासून पूर्ण वेगळं ठेवा आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ च्या मिराय या संगणक-व्हायरसच्या प्रकरणात कारखान्यातल्या मूळ पासवर्डवर चाललेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर हल्लेखोरांच्या हातात गेले होते. कंपनीबद्दल एवढंच: एसटीक्यूसीचं (केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासणारी संस्था) प्रमाणपत्र बघितल्याशिवाय निविदा उघडू नका.

रात्री दोनला अलर्ट आला तर पुढे काय, हे ठरावात लिहून घ्या. टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करायचा अधिकार ड्युटीवरच्या व्हॉल्व्हमनला तिथल्या तिथे हवा. मुख्याधिकाऱ्यांचा फोन लागेपर्यंत पाणी अर्ध्या गावात पोचतं. व्हॉल्व्ह बंद, मग टाकीतल्या पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे, आणि अहवाल येईस्तोवर टँकर. पोलिसांकडे फुटेज द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे ना, हे महिन्याला पाहा. सार्वजनिक पाणी घाण करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली येतो, शिक्षा फार मोठी नाही.

आणि कृपा करून या कॅमेऱ्यांवर कर्मचाऱ्यांची हजेरी घेऊ नका. एकदा घेतलीत की कॅमेरा आकाशाकडे वळलेला सापडेल आणि 'वाऱ्याने फिरला' असं उत्तर मिळेल. व्हॉल्व्हमनला आधी विश्वासात घ्या, टाकीवर कोण चढतं हे त्याला तुमच्या कॅमेऱ्याआधी कळतं.

देखभालीचा पाच वर्षांचा करार निविदेतच घाला, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात निम्मे कॅमेरे बंद पडतील. शिडीचा आणि जॅकवेलचा फोटो टाका, पोलच्या जागा त्यावर खूण करून देतो.