नव्या दोन गाई आणण्याआधी

संगमनेर तालुक्यातले एक दूध उत्पादक विचारतात: १० संकरित गाई आहेत, दूध निम्म्यावर आलंय. ४ लाखांचं कर्ज काढून २५ लिटरच्या दोन गाई घेऊ का? कर्जासोबत वर्षाला ४० हजारांची आयुर्विमा पॉलिसी घ्यावी लागेल, असं बँकेत सांगतात.

दादा, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'चार भाकड आहेत, त्यातल्या दोन सातव्या महिन्यात गाभडल्या.' गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला. मला तिथेच थांबावं लागलं.

भाकड, म्हणजे दूध न देणाऱ्या गाईला खायला रोजचे १५० रुपये धरले, तरी चौघींचे महिन्याला १८ हजार. ११ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता ८,७०० च्या आसपास. म्हणजे दोन हप्ते आजच गव्हाणीत चाललेत. एक माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते तो काळ, चुकला की २१ दिवस, म्हणजे ३ हजार गेले. माज टिकतो १२ ते १८ तास, आणि तुमच्याकडे डॉक्टर येतात दुसऱ्या दिवशी दुपारी! सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या. पुन्हा माजावर आली नाही म्हणून गाभण धरू नका. मुका माज असतो, म्हणजे माज येतो पण लक्षणं दिसत नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी तपासून घ्या.

पण दोन गाई गाभडणं ही साधी गोष्ट नाही. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस असू शकतो. सगळ्या गाईंचं रक्त तपासा. तोवर एकही गाय आणू नका, विकूही नका. रोग असेल तर ४ लाखांच्या गाई त्याच गोठ्यात गाभडतील. हा रोग माणसांनाही होतो. वार (गर्भासोबत पडणारी झिल्ली), मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नका, घरात कच्चं दूध पिऊ नका. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना लस मिळते, तेवढी चुकवू नका.

२५ लिटर हा व्यापाऱ्याचा आकडा व्यायल्यानंतरच्या भरातला. आटलेले दिवस धरून वर्षाची सरासरी दिवसाला १४ लिटरच्या पुढे जाणार नाही. हप्त्याचा हिशोब त्यावर करा.

पॉलिसी अजिबात नको. कर्जासाठी अशी सक्ती करता येत नाही. अट लेखी मागा. गाय मेली तर त्या पॉलिसीतून रुपयाही येणार नाही. गाईंचा विमा मात्र तुम्ही उतरवलेलाच नाही.

रक्ताचा अहवाल आला की गाईवार विण्याच्या आणि भरवल्याच्या तारखा लिहून पाठवा. कर्जाचं तेव्हा पाहू.