ओपन वेबवर घर चालतं का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या हिंजवडीला फ्रंटएंड डेव्हलपर आहे, सहा वर्षं झाली. सगळं काम रिअ‍ॅक्टमधे, तेच फॉर्म तेच टेबल तेच डॅशबोर्ड. गेलं वर्षभर रात्री बसून वेबअसेंब्ली (जड काम ब्राउझरमधे वेगाने चालवायचं तंत्र) आणि वेबजीपीयू (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) शिकतोय, इतकी मजा कॉलेजनंतर पहिल्यांदा आली. पण मॅनेजर म्हणतो हे सगळे प्रयोग आहेत, दोन वर्षांनी कोणी नाव पण घेणार नाही, त्यापेक्षा क्लाउडचं सर्टिफिकेट कर. घराचा हप्ता चालू आहे. बायको म्हणते तू ठरव पण नीट विचार करून ठरव. या नव्या ओपन वेबच्या, म्हणजे कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या वेबच्या गोष्टींमधे खरंच करिअर होतं का?
(एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर: अरे, तुझ्या मॅनेजरचं अर्धं म्हणणं बरोबर आहे ते आधी सांगते. वेबवर नवं म्हणून आलेलं बरंच काही मरतं. वेब एसक्यूएल, म्हणजे ब्राउझरमधेच डेटा साठवायची सोय, आलं, लोकांनी त्यावर अख्खी अ‍ॅप्स उभी केली आणि २०२३ मधे क्रोमने ते काढून टाकलं. एचटीएमएल इम्पोर्ट्सचं, म्हणजे एका पानात दुसरी एचटीएमएल फाइल जोडायच्या सोयीचं पण तेच, २०२० मधे गेलं. या दोन्ही गोष्टी फायरफॉक्सने कधी घेतल्याच नव्हत्या, आणि माझी खूण तीच आहे. ब्राउझरची मोठी इंजिनं, म्हणजे पान पडद्यावर उभं करणारा आतला गाभा, तीनच, क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. नवी गोष्ट एकाच इंजिनात असेल तर हौस म्हणून शीक, हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नकोस. तिन्हीत आली की मग ती सहसा जात नाही, कारण काढली तर लोकांच्या चालू साइट मोडतात आणि ते पाप कोणालाच आपल्या माथी नको असतं.

आता हे माप वेबअसेंब्लीला लाव. २०१५ मधे घोषणा झाली तेव्हाच गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल चौघं त्यात होते, २०१७ मधे चौघांच्या ब्राउझरमधे आलं, डिसेंबर २०१९ मधे डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे नियम ठरवणारी संस्था) अधिकृत स्टँडर्ड केलं. फिग्मा हे डिझाइनचं साधन त्याच्यावर चालतं, फोटोशॉप ब्राउझरमधे उघडतं ते पण त्याच्याच जोरावर, त्यामुळे ‘दोन वर्षांनी नाव घेणार नाही’ हे तरी नाही पटत मला. वेबजीपीयू मात्र अजून कोवळं आहे, क्रोममधे २०२३ ला आलं, फायरफॉक्स आणि सफारीत २०२५ मधे, म्हणजे त्याच्यावर पोट भरणारे लोक आत्ता कुठे तयार होतायत.

आणि या क्षेत्रात ‘नवं’ म्हणजे किती वर्षं नवं, तेही बघ. वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधून थेट व्हिडिओ कॉल, गूगलने २०११ मधे खुलं केलं आणि स्टँडर्डचा शिक्का बसला जानेवारी २०२१ मधे. दहा वर्षं! मधली बरीच वर्षं ज्यांनी ते धरून ठेवलं त्यांना लोक तुझ्या मॅनेजरसारखंच सांगायचे. मग २०२० चा मार्च आला, शाळा दवाखाने कोर्ट सगळं स्क्रीनवर गेलं, आणि वेबआरटीसी आतून कळणारा माणूस कुठे मिळेल म्हणून कंपन्या शोधत फिरायला लागल्या.

माझं सांगते थोडं. मी सुरुवातीला पुण्यातच एका कंपनीत ई-लर्निंगचे कोर्स बनवायचे, सगळे फ्लॅशमधे, म्हणजे ब्राउझरमधे हलती चित्रं चालवणाऱ्या अडोबीच्या तंत्रात, त्याची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट मला तोंडपाठ होती. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही आणि हळूहळू क्लायंट विचारायला लागले की मोबाइलवर का चालत नाही, मग एक दिवस आमची टीमच बंद केली. चार वर्षांच्या कामातलं दाखवायला माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं, कोड कंपनीचा, प्लेअर अडोबीचा, आणि तो प्लेअरही ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला. मुलाखतीत मी नुसतं तोंडाने सांगायचे की हे केलं ते केलं, समोरचा मान हलवायचा. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

म्हणून ओपनचा खरा फायदा मला तिथे दिसतो. सर्वो नावाचं ब्राउझर इंजिन मोझिलाने २०१२ मधे रस्ट भाषेत लिहायला घेतलं, त्यातला सीएसएसचा (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) भाग २०१७ मधे थेट फायरफॉक्समधे गेला आणि आजही तिथे चालतोय. ऑगस्ट २०२० मधे मोझिलाने मोठी कपात केली, त्यात ती टीमच गेली. वाईटच झालं. पण कोड उघड्यावर होता, त्याच वर्षी प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनकडे गेला, आणि २०२३ पासून इगालियाच्या लोकांनी परत जोमाने काम सुरू केलं. ज्यांची नोकरी गेली त्यांची एकेक ओळ, कोणाशी काय वाद झाला, कोणती चूक कशी सुधारली, सगळं नावासकट आजही वाचता येतं. माझ्या फ्लॅशच्या चार वर्षांचं असं काहीही नाही.

इगालियाचं नाव लक्षात ठेव. स्पेनच्या आ कोरुन्या शहरातली कंपनी, २००१ पासूनची, आणि मालक म्हणजे तिथे काम करणारे लोकच. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या तुला हे जास्त समजवायला नको. आपण सगळे वापरतो ती सीएसएस ग्रिड, म्हणजे पानावर रांगा-रकाने मांडायची सोय, क्रोम आणि सफारीच्या इंजिनात लिहिली ती यांनी, पैसे ब्लूमबर्ग या आर्थिक माहिती पुरवणाऱ्या कंपनीने दिले. म्हणजे ज्याला वेबमधे एखादी गोष्ट हवी तो पैसे देतो, आणि केलेलं काम सगळ्यांचं होतं. असे पगार आहेत, पण थेट इंजिनवर पगार घेणारी माणसं जगातच थोडी आणि आपल्याकडे अजून थोडी, त्यामुळे त्या एकाच दारावर बसून राहू नकोस.

तू आत्ता काय करायचं तर नोकरी सोडायची नाही. तुमच्याच प्रॉडक्टमधे जावास्क्रिप्ट कुठे दमतं ते शोध, मोठी एक्सेल फाइल वाचताना पान गोठतं का, फोटो लहान करताना फोन तापतो का. तेवढा एकच तुकडा रस्टमधे लिही, वेबअसेंब्ली करून वर्करमधे (पान न अडवता मागे चालणाऱ्या भागात) टाक, आधी किती सेकंद आणि नंतर किती ते मोजून ठेव. कधीकधी उलटंही निघतं, जावास्क्रिप्टच जास्त वेगाने चालतं, तेही प्रामाणिकपणे लिही कारण मुलाखत घेणाऱ्याला असा माणूस लगेच ओळखू येतो. मग तो आकडा मॅनेजरसमोर ठेव. आणि क्लाउडचं सर्टिफिकेट पण करून टाक रे, एक महिन्याचं काम आहे, त्यावरून भांडू नकोस.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, घरूनच काम करतो. ऑफिसचं संपलं की परत रात्री एक-एक वाजेपर्यंत ‘ओपन सोर्स’ म्हणून परदेशातल्या लोकांचं काम करत बसतो आणि त्याचा एक रुपया मिळत नाही म्हणतो. त्याला कोणी फसवत तर नाही ना?
(एक वडील, कोल्हापूर)

उत्तर: काका, तुमची काळजी रास्त आहे. पण तालमीत जाणाऱ्या पोराला मेहनतीचे पैसे कोण देतं? वस्ताद त्याचे डाव बघतो, चुकलं तिथे सांगतो, आणि दोन-तीन वर्षांनी मैदानात लोक विचारतात हा कुठल्या तालमीचा. ओपन सोर्समधे, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवून मिळून केलेल्या कामात, तेच होतं, फक्त वस्ताद बर्लिनला नाहीतर टोकियोला बसलेला असतो. आज तुम्ही मोबाइलवर जे काही उघडता त्याच्या मुळाशी असलेलं वेबसुद्धा जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला एक पैसा न घेता जगाला देऊन टाकलं होतं, आणि त्याच्यावर तुमच्या मुलाच्या पगारासकट केवढे संसार चालतात बघा.

तरी त्याला दोन गोष्टी जरूर विचारा. तुझं काम कोण तपासतं, आणि तपासून आत घेतलं का. जाणती माणसं त्याचं काम वाचून सुधारणा सांगत असतील तर तो शिकतोय, निश्चिंत रहा. वर्षभर पाठवतोय आणि कोणी वाचतच नाही असं असेल तर त्याने प्रोजेक्ट बदलावा. आणि एक वाजेपर्यंत जागणं मात्र थांबवा, ते मला पण मान्य नाही.

प्रश्न: ताई मी नांदेडला बीसीए शेवटच्या वर्षाला आहे, लॅपटॉप जुना, इंग्लिश कच्चं. ब्राउझर कसे बनतात याचं वेड आहे पण ती सगळी मोठी माणसं, माझ्यासारखीने तिथे काय करायचं?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर: अगं, तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्या मोठ्या माणसांकडे नाही. तुला मराठी वाचता येतं. ब्राउझरचा कन्सोल (कोड चालवून बघायची खिडकी) उघड आणि ‘स्त्री’ या शब्दाची लेंग्थ, म्हणजे लांबी, विचार, सहा येईल. तुला मला ते एक अक्षर दिसतं. युनिकोडच्या (सगळ्या भाषांची अक्षरं संगणकात कशी ठेवायची त्याचं स्टँडर्ड) जुन्या नियमाने त्याचे तीन तुकडे व्हायचे, सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि जोडाक्षर एकत्र धरायला लागले. म्हणजे ही गोष्ट आत्ता आत्ता नीट झालीये, आणि नियम बदलला म्हणून प्रत्येक अ‍ॅप सुधारलं असं होत नाही. लांब नाव कापताना मधेच लटकणारं पाय मोडलेलं अक्षर (हलंत), इंग्लिश हेडिंगसाठी दिलेल्या लेटर स्पेसिंगमुळे तुटलेली शिरोरेषा, पानाला भाषा मराठी न सांगितल्यामुळे हिंदी वळणाचे ल आणि श, हे तू रोज बघत असशील आणि सोडून देत असशील. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला यातलं काहीच खटकत नाही गं, त्याला ते चित्र वाटतं!

सुरुवात फायरफॉक्सच्या मराठी भाषांतरापासून कर, पोंटून नावाच्या साइटवर चालतं, जुना लॅपटॉप पुरतो. तिथे हात बसला की वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्सकडे जा, सगळे ब्राउझर एकाच परीक्षेला बसवणारा हा सामायिक संच आहे, त्यात टेस्ट म्हणजे बऱ्याचदा एक छोटी एचटीएमएल फाइल असते. आउटरीची नावाची तीन महिन्यांची पगारी इंटर्नशिप आहे, मुलींनी आवर्जून भरावी, सात हजार डॉलर मिळतात आणि घरून करता येते. नवख्यांना पैसे देऊन ओपन सोर्समधे काम करू देणारं गूगल समर ऑफ कोड तर २००५ पासून आहे, २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट राहिली नाही.

इंग्लिशचं म्हणशील तर बग, म्हणजे सापडलेली चूक, कळवायला चारच वाक्यं लागतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या आवृत्तीत. खाली दोन स्क्रीनशॉट जोड, एक बिघडलेला आणि एक छापील पुस्तकातल्या त्याच शब्दाचा फोटो.