खडी व जांभ्याच्या खाणीत ‘मिलिटरी ग्रेड’ फोन आणि वॉकीटॉकी घ्यावेत का?

आपल्या कुटुंबाची खानापूर तालुक्यात खडीची खाण आणि क्रशर आहे, कामगारांचे साधे फोन काही महिन्यांतच बंद पडतात आणि घाटाच्या बाजूला नेटवर्क मिळत नाही. म्हणून जाहिरातींत दिसणारे ‘मिलिटरी ग्रेड’ फोन, वॉकीटॉकी आणि उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव-चंदगड पट्ट्यात खाणीवर फोरमन म्हणून काम करतो, त्यामुळे रोज जे पाहतो त्यावरून उत्तर देत आहे. फोन जरूर घ्यावेत, पण कोणत्या चाचण्या झाल्या आहेत ते पाहून. वॉकीटॉकी कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या लहरींवरचेच घ्यावेत. उपग्रहाचे यंत्र परस्पर मागवू नये. आणि यांपैकी कोणतेही यंत्र सुरुंग भरण्याच्या जागेपासून दूर ठेवण्याची शिस्त खरेदीच्या आधी लावून घ्यावी.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे आपल्या भागात घराघरांत कोणी ना कोणी सैन्यात असतो, आणि ‘मिलिटरी’ म्हटले की वस्तू भक्कमच असणार हा विश्वास सहज बसतो. प्रत्यक्षात फोनच्या खोक्यावर ‘मिल-एसटीडी-810एच’ असे जे छापलेले असते, ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचण्यांविषयीचे मानक आहे. ‘एच’ ही त्याची 2019 सालची आवृत्ती. त्यात पडणे, कंपन, उष्णता, पाऊस, धूळ-वाळू, क्षारयुक्त हवा अशा दोन डझनांहून अधिक चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. मात्र हे मानक फोनला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी आपल्याला हव्या त्या चाचण्या निवडून स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकते आणि तेवढ्यावर तो मजकूर छापू शकते. पडण्याची नेहमीची चाचणी सुमारे 1.22 मीटर उंचीवरून 26 वेळा टाकण्याची असते, ती बहुधा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर होते, आणि हे 26 वेळा पडणे पाच नमुन्यांपर्यंत वाटून घेण्याची मुभा असते. आपल्या बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायरीवर, फोन पडतो तो काळ्या दगडाच्या धारेवर. म्हणून माहितीपत्रकात कोणत्या चाचण्या झाल्या याची यादी मिळाली तरच त्या दाव्याला वजन द्यावे, आणि त्या यादीत धूळ व कंपन आहेत की नाही हे आधी पाहावे.

आपल्याकडे फोन जितके धुळीने मरतात तितके पडून मरत नाहीत. क्रशरची पांढरी भुकटी चार्जिंगच्या खाचेत बसते, दमट हवेत तिचा थर जमतो, आणि पिन अर्धीच आत जाऊ लागते. जांभ्याच्या खाणीत चिरे कापताना उडणारी तांबडी धूळ तर स्पीकरच्या जाळीत अशी चिकटते की समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. यासाठी ‘आयपी’ अंक, म्हणजे धूळ व पाणी आत शिरू न देण्याची क्षमता सांगणारा अंक, पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्यातला पहिला अंक 6 असेल तर धूळ आत शिरत नाही. दुसरा 7 असेल तर फोन एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, आणि 8 असेल तर त्याहून कठीण स्थितीत, पण ती खोली व वेळ कंपनीने स्वतः सांगितलेली असते. ज्या फोनच्या खाचेवर रबराचे झाकण असते, त्याचा अंक ते झाकण नीट बसलेले असेपर्यंतच खरा असतो. हे झाकण पोकलेनच्या ऑपरेटरच्या हातात सर्वांत आधी तुटते. त्यामुळे झाकणाशिवायही जलरोधक असलेली खाच, किंवा पाठीमागे चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जिंगच्या पट्ट्या असलेला फोन मिळत असेल तर थोडे अधिक पैसे द्यायला हरकत नाही.

उन्हाळ्याचाही विचार करावा. पोकलेनच्या केबिनमध्ये काचेमागे ठेवलेला फोन एप्रिल-मे महिन्यांत इतका तापतो की चार्ज होणेच थांबते, कारण लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करणे तिच्यासाठी घातक असते. तो दोष फोनचा नसतो. फोन स्वतःला वाचवत असतो. तो सावलीच्या बाजूला ठेवण्याची सवय लावावी. खानापूरच्या पावसात बोटाने चालणारा पडदा थेंबांनाच बोट समजतो, म्हणून कॉल घेण्यासाठी आणि टॉर्चसाठी बाजूला खरे बटण असलेला फोन निवडावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. विजेवर उडणारा डेटोनेटर, म्हणजे सुरुंग पेटवणारी छोटी स्फोटक नळी, रेडिओ लहरींच्या ऊर्जेनेही उडू शकतो, कारण त्याच्या तारा अँटेनासारखे काम करतात. आपल्या देशात अशा इलेक्ट्रिक डेटोनेटरचे उत्पादन, बाळगणे आणि आयात 1 एप्रिल 2025 पासून बंद करण्यात आली आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. शॉक ट्यूबचे, म्हणजे विजेच्या तारेऐवजी नळीतून जाणाऱ्या धक्क्याने उडणारे, नॉनेल डेटोनेटर रेडिओ लहरींनी उडत नाहीत; पण इलेक्ट्रॉनिक डेटोनेटरसाठी उत्पादकाने ठरवून दिलेले अंतर पाळावेच लागते. येथे लोकांचा एक गैरसमज होतो. फोनवर कोणी बोलत नसले तरी तो मधूनमधून टॉवरशी स्वतःहून संपर्क करत असतो, आणि सिग्नल जितका कमजोर तितकी तो आपली ताकद वाढवतो. घाटाजवळच्या खाणीत नेमके हेच घडते. त्यातही 4जी फोन फार तर सुमारे 0.2 वॅट फेकतो, तर हातातला मोठा वॉकीटॉकी 5 वॅटपर्यंत फेकू शकतो. म्हणून सुरुंगाची भोके भरायला सुरुवात होताच ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) आणि त्याच्या मदतनिसांनी आपली यंत्रे बंद करून ठरलेल्या आडोशाच्या जागी ठेवावीत, आणि रस्त्यावर लाल झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांना द्यायचे इशारे शिट्टी व भोंग्यानेच द्यावेत. फोन कितीही दणकट असला तरी या नियमातून त्याला सूट नाही. वळवाचे ढग गडगडू लागले तर भरण्याचे काम थांबवून सर्वांनी दूर व्हावे, हे तर कोणत्याही डेटोनेटरला लागू आहे.

कोणी आपल्याला असे सांगेल की मिलिटरी दर्जाचा फोन कोळशाच्या खाणीतही चालतो. ते ऐकू नये. 810 मालिकेत स्फोटक वातावरणाची एक वेगळी चाचणी आहे, पण बाजारातले फोन सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के असताना एका ठिणगीनेही स्फोट होतो, म्हणून वायू असलेल्या भूमिगत खाणीत धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने मंजूर केलेलीच उपकरणे नेता येतात. आपली खडीची खाण उघडी आहे, त्यामुळे हा प्रश्न येत नाही; पण उद्या कोणी नातेवाईक चंद्रपूरकडे कामाला गेला तर हाच फोन खिशात घालून आत उतरू नये.

वॉकीटॉकीच्या बाबतीत भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्याविना मोकळा आहे. क्रशरपासून बेंचपर्यंतच्या बोलण्याला तेवढे पुरते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे 5 वॅटचे संच इतर लहरींवर चालतात, आणि त्यांना दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. उपग्रहाच्या यंत्राचे तर अधिकच कडक आहे: परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र बाळगल्याबद्दल आपल्या देशात, परदेशी पर्यटकांवरही, कारवाई झालेली आहे. कणकुंबी-जांबोटीकडे नेटवर्क फार कमजोर असेल तर कार्यालयाच्या छपरावर बाहेरचा अँटेना लावलेले 4जी राउटर बसवून वाय-फायवरून कॉल करणे हा सरळ मार्ग आहे. सिग्नल वाढवणारे बूस्टर मात्र परस्पर बसवू नयेत, तेही बेकायदा आहे.

एका सोयीसाठी मी आवर्जून पैसे खर्च करण्यास सांगेन: उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा असलेला एक दणकट फोन, तोही फक्त फिटरकडे. क्रशर चालू असताना बेअरिंग किंवा कन्व्हेयरचा रोलर तापत असेल तर तो हात न लावता लांबून दिसतो, आणि पट्टा जळण्याआधी काम थांबवता येते. मात्र चकचकीत धातू प्रत्यक्षापेक्षा थंड दाखवला जातो, म्हणून बेअरिंगच्या घरावर काळ्या विद्युत टेपचा एक तुकडा कायमचा चिकटवून ठेवावा आणि दर वेळी त्याच जागेचे तापमान नोंदवावे. त्या नोंदींची वही क्रशरच्या केबिनमध्येच असावी. बाकीच्या कामगारांना चांगले कव्हर घातलेला, आयपी68 अंकाचा साधा फोन पुरेसा आहे; फक्त विकत घेण्याआधी त्या कंपनीचे सेवा केंद्र बेळगावात आहे की दुरुस्तीसाठी हुबळी किंवा पुण्याला पाठवावे लागेल, हे विचारून घ्यावे.