२०० मीटरचं घड्याळ, २४ हप्ते

प्रश्न: वय ३६, पुण्यात नोकरी. हातात ९५,००० रुपये येतात, घराच्या हप्त्यासह खर्च ६५,०००, एसआयपी १०,०००. बचत खात्यात १,९०,००० आहेत. १,८०,००० रुपयांचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ डायव्ह वॉच (मनगटाच्या हालचालीवर चालणारं, स्टॉपवॉचची सोय असलेलं डायव्हिंगचं घड्याळ) क्रेडिट कार्डावर १५ टक्के व्याजाने २४ हप्त्यांत घ्यावं का? शनिवार-रविवारी पोहतो, वर्षातून एकदा तारकर्लीला स्कुबा. ऑफिसात स्मार्टवॉच असतं. अशा घड्याळाची किंमत टिकते म्हणतात. दुसरा पर्याय ४५,००० रुपयांचा सोलर क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, प्रकाशावर चार्ज होणाऱ्या सेलचा. दोन्हींवर पाणीरोधक २०० मीटर असं लिहिलंय.

उत्तर: हप्त्यांवर नको. महिन्याला साधारण ८,७३० रुपये जातील, व्याज सुमारे २९,५०० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५,३००. घड्याळ २,१४,८०० ला पडेल. बचत खातं रिकामं करून रोखीने घेणंही नको. आत्ताच तिथे तीन महिन्यांचासुद्धा खर्च नाही.

आता पाण्याचं. २०० मीटर हा आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे, आणि तोही नव्या घड्याळाचा. नवख्या प्रमाणित डायव्हरची मर्यादा १८ मीटर, हौशी डायव्हिंगची ४०. तेव्हा खोलीसाठी दोन्ही घड्याळं पुरून उरतात. पाणी शिरतं ते सैल राहिलेल्या चावीतून (वेळ लावायची बाजूची कळ), पाण्यात दाबलेल्या पुशरमधून (स्टॉपवॉचचं बटण) आणि कडक झालेल्या गॅस्केटमधून (सांधे बंद ठेवणारी रबरी कडी). क्रोनोग्राफला चावीखेरीज दोन पुशर, म्हणजे दोन वाटा जास्त. कंपनीने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर पाण्याखाली पुशरला हात लावायचा नाही. म्हणजे ज्या सोयीचे जास्तीचे पैसे मोजता, ती पाण्यात बहुधा बंदच! तिथे वेळ मोजायची ती फिरत्या बेझलवर, म्हणजे डायलभोवतीच्या आकडे असलेल्या कड्यावर, आणि खरा भरवसा डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या डायव्हरच्या यंत्रावर.

तुमच्या वापरात ऑटोमॅटिकची आणखी एक अडचण आहे. हातात नसलं की ते साधारण दोन दिवसांत थांबतं. दर शनिवारी चावी उघडून वेळ लावायची, मग तलावावर जायचं. चावी नीट न आवळता उडी मारली जाते ती अशाच सकाळी. सोलरची चावी क्वचितच उघडते आणि सेल बदलायला मागचं झाकण वरचेवर काढावं लागत नाही.

किंमत टिकण्याचा भरवसा मोजक्याच मॉडेलांना, आणि तोही बाजार तेजीत असेपर्यंत. काचेआड एकदा बाष्प धरलं, डायलवर डाग पडला, की घेणारा भाव पाडणारच. साधं स्टीलचं घड्याळ आयकरात वैयक्तिक वापराची वस्तू धरलं जातं. नफ्यावर कर नाही, पण तोटाही कुठे वळता करता येत नाही. शिवाय ऑटोमॅटिकसारख्या मेकॅनिकल क्रोनोग्राफची पूर्ण सर्व्हिस क्वार्ट्झपेक्षा बरीच महाग असते, कारण भाग अधिक आणि काम किचकट. दुकानातून तिचा दर लेखी घ्या, सर्व्हिस पाच वर्षांतून एकदा धरून त्याला पाचने भागा आणि तो वर्षाचा खर्च धरा.

माझा कौल सोलरला. उरणाऱ्या २०,००० पैकी १५,००० आपत्कालीन निधीत, ५,००० घड्याळासाठी. नऊ महिन्यांत ४५,००० रोख जमतील आणि बचत ३,२५,००० वर जाईल. घड्याळ आल्यावर सगळे २०,००० निधीकडे वळवा, म्हणजे पुढच्या चार महिन्यांत सहा महिन्यांच्या खर्चाचे ३,९०,००० पूर्ण होतील. त्यानंतरही ऑटोमॅटिकचा मोह राहिला तर साठवून, रोखीने घ्या; मी अडवणार नाही.

घेताना पुशर स्क्रूचे, म्हणजे फिरवून आवळायचे, आहेत का ते पाहा. वॉरंटी कार्डावर पाणी शिरण्याचं कलम वाचा. चावी उघडी राहिली किंवा बाहेरच्या घड्याळजीने झाकण उघडलं तर दावा बहुधा नाकारला जातो. तलाव किंवा समुद्रानंतर चावी बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवा. गरम शॉवर, सॉना टाळा; वाफ आणि साबण गॅस्केटला मारक. वर्षातून एकदा, तारकर्लीला निघण्याच्या महिनाभर आधी, दाबचाचणी करून घ्या, म्हणजे गॅस्केट बदलायची झाली तर वेळ हाताशी राहतो.