आपलेच आहेत, म्हणूनच लिहून घे

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पिट्सबर्गला येऊन महिना झाला नाही तोवर माउंट वॉशिंग्टनवरचा काँडो, म्हणजे प्रत्येक घराचा मालक वेगळा असलेल्या इमारतीतला फ्लॅट, भाड्यानं घ्यायला बघून आलास, ग्रँडव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरचा. खिडकीतून अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्या एकत्र येऊन ओहायो होते ती जागा दिसली आणि तिथंच तुझी विकेट गेली. मग पार्किंग, हीटिंग, इमारतीच्या असोसिएशनची (घरमालकांच्या संस्थेची) परवानगी या सगळ्यावर मालकांचं एकच उत्तर, ‘बघून घेऊ’, आणि तू मान डोलावलीस. ऑफिस शहराच्या ओकलंड भागात, म्हणजे रोज डाउनटाउनला बस बदलणं आलं, तेही विसरलास. बरं, ते तुझं तू ठरव. मालक पुण्याचे, ओळखीतले, त्यांच्याकडे लेखी कसं मागायचं, या प्रश्नाचं मात्र उत्तर देतो.

आपलेच आहेत, म्हणूनच लिहून घे.

भाड्याच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तुझी गाठ इमारत चालवणाऱ्या एका कंपनीशी असते. काँडोत दोघांशी: घराचा मालक आणि इमारतीची असोसिएशन. छप्पर, लिफ्ट, जिने हे सगळ्या मालकांचं सामाईक; पेनसिल्व्हेनियात त्यासाठी 1980 चा काँडोमिनियम कायदाच आहे. तुझा मालक देवमाणूस असला तरी असोसिएशनच्या नियमांपुढे त्याचं काही चालत नाही. काही इमारतींत किती घरं भाड्यानं द्यायची यावरच मर्यादा असते. ती आधीच भरलेली असेल तर मालकाचं ‘बघून घेऊ’ तू कुणाला दाखवणार? त्यानं असोसिएशनचे पैसे थकवले असतील तर त्या घरावर बोजा चढतो, तोही तुला दिसत नाही. असोसिएशनची संमती लेखी घे. नियमावलीची प्रत घे, आणि वाच. सामान कुठल्या वारी आणायचं, लिफ्ट आधी राखून ठेवावी लागते का, बाल्कनीत टॉवेल वाळत घातला तर चालतो का, सगळं तिथं असतं.

हीटिंगचं विचारलंस का? नसशीलच. जुन्या उंच इमारतींत पुष्कळदा एकाच पाइपजोडीतून हिवाळ्यात गरम पाणी फिरतं, उन्हाळ्यात गार. कधी बदलायचं ते इमारत ठरवते. ऑक्टोबरात एक दिवस अचानक कडाका पडतो, तू थर्मोस्टॅट बहात्तर फॅरनहाइटवर नेतोस आणि खिडकीखालच्या जाळीतून गारच हवा येत राहते. घरात स्वेटर घालून बसायचं. माझी तक्रार नाही, पण करार करण्याआधी हे माहीत हवं.

आता डिपॉझिट. तुझी इथं क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे कर्ज-बिलं फेडल्याची नोंद, नाही म्हणून तीन महिन्यांचं मागितलंय म्हणतोस. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानं पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, दुसऱ्या वर्षापासून एकाच महिन्याचं. घर सोडल्यावर 30 दिवसांत पैसे परत, नाहीतर नुकसानीची यादी. ती मुदत मोडली तर दुपटीनं मागता येतात. अट एवढीच की तुझा नवा पत्ता तू त्यांना लेखी कळवलेला हवा. तोंडी सांगितलेला पत्ता चालत नाही. बघ, कायदासुद्धा माझ्याच बाजूचा आहे.

माझ्याबद्दल मंडळात काय बोलतात ते कानावर आलं असेलच. ‘काकांना चहा दिला तरी पावती मागतील.’ मागेन. फार वर्षांपूर्वी एका मराठी जोडप्याचा काँडो भाड्यानं घेणार होतो. पार्किंगची जागा करारात लिहा, एवढंच म्हटलं. गृहस्थ दुखावले. घर हातचं गेलं त्याचं काही नाही, पण त्यांच्याकडचं गौरी-गणपतीचं बोलावणं कायमचं बंद झालं. आता ते नाहीत. काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या आठवल्या की वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पुढं त्यांचाच भाडेकरू भेटला. पार्किंगची जागा त्या घराची नव्हतीच, ती वेगळी विकली गेली होती, आणि बिचारा हिवाळाभर चढावरच्या रस्त्यावर गाडी लावून रोज सकाळी बर्फ खरवडत होता. मग सांग, मी काय वावगं मागितलं होतं? (उत्तर देऊ नकोस. ते काम आमच्या घरात दुसरं कुणीतरी करतं.)

तेव्हा भिडस्तपणा पुरे. काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) घरांच्या नोंदी असलेल्या वेबसाइटवर पत्ता टाक, मालकाचं नाव जुळतं का बघ. मग त्यांना नमस्कार-चमत्कार करून व्यवस्थित ईमेल लिही: असोसिएशनची संमती, नियमावली, पार्किंगचा क्रमांक, हीटिंगचं बिल कुणाकडे, सामान आणण्याची फी कोण भरणार. ते फोन करतील, आपली माणसं फोनच करतात. गोड बोल, आणि फोन ठेवल्यावर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून परत ईमेल टाक. इमारतीच्या विम्यात तुझं सामान येत नाही, तेव्हा रेंटर्स इन्शुरन्सही काढ. आणि या सगळ्याआधी एक डॉलरही पाठवू नकोस.

शनिवारी पुन्हा घर बघायला जाशील तेव्हा मला घेऊन जा. तू खिडकीशी उभा राहा हवं तर, मी तोवर खाली जाऊन पार्किंग बघून येतो.