वाचक विचारतात : डुगडुगणारी वाट आणि रिकामा बाक

प्रश्न : बारामतीजवळ आमचं घर आहे, जमीन काळी. फाटकापासून ओट्यापर्यंत 40 फूट लांब, 4 फूट रुंद शहाबादी फरशीची वाट केली. एकाच पावसाळ्यात फरश्या डुगडुगायला लागल्या, सांधे तडकले, मधोमध पाणी साचतं. सांध्यात पुन्हा सिमेंट भरलं तर चालेल का?

उत्तर : नाही, पुढच्या वर्षी हेच होईल. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. ही ओढाताण सिमेंटचा सांधा सोसत नाही. दोष फरशीचा नाही, तिच्या खालच्या भरावाचा आहे, म्हणून फरश्या जपून उचला, त्याच परत वापरता येतील.

माती 11 इंच खणून काढा. त्यात मुरूम धुमसून (ठोकून घट्ट करून) 8 इंच बसला पाहिजे, त्यावर 2 इंच कच (दगडाचा बारीक चुरा) आणि वर दीड इंची फरशी. म्हणजे वाट जमिनीपेक्षा अर्धा इंच उंच राहते. मुरूम दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवा, कारण धुमसल्यावर तो बराच खाली बसतो. कच पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त लागेल. मुरूम एकदम ओतू नका. चार-चार इंचांचे थर द्या आणि पाणी शिंपडून धुम्मस मारा. ओल किती हवी? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. टाच दाबून ठसा उमटला नाही, की थर बसला.

उतार 4 फूट रुंदीला 1 इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. हा उतार मुरमातच काढा, तोही दोरी बांधून. गवंडी पुष्कळदा मुरूम सपाट ठेवून कच कमीजास्त करतात, मग जाड कच खचते आणि तिथंच डबकं होतं. सांधे अर्धा इंच ठेवून त्यात कचच भरा, सिमेंट नको. कडेला दगड उभे गाडा, नाहीतर कच बाजूने सरकते. वाटेवरून उतरलेलं पाणी उथळ चराने 5-6 फूट दूर झाडाच्या आळ्यात सोडा.

प्रश्न : बागेत कडाप्प्याचा बाक केला, पण संध्याकाळी कुणी बसत नाही. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. कुंपणालगत झाडं लावू का?

उत्तर : काळा कडाप्पा पश्चिमेच्या उन्हात तापतो आणि सूर्य मावळला तरी निवत नाही. बाक घराच्या पूर्वेला हलवा, तिथं दुपारनंतर घराचीच सावली पडते. उंची 17 इंच, खोली 16 ते 18 इंच. पाणी साचू नये म्हणून पुढे किंचित उतार द्या.

टाकी मात्र कुंपणापाशी झाकू नका. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 4 फुटांवर असतात. टाकी बाकापासून 50 फुटांवर आणि 30 फूट उंच धरली, तर 40 फुटांवरच्या कुंपणाशी जवळजवळ 25 फुटी झाड लागेल. बाकापासून 10 फुटांवर साडेनऊ फुटी झाडानंच काम होतं! बाकाच्या नव्या जागी खुर्ची टाकून बसा, कुणाला तरी 10 फुटांवर बांबू उभा धरायला सांगा आणि टाकीचा माथा जिथं झाकला जातो तिथं खूण करा. तेवढ्या उंचीचं झाड निवडा. आमची पसंती कामिनीला : बारमाही हिरवी, फुलांना सुगंध. तीन रोपं तीन-तीन फुटांवर लावा. ती सावकाश वाढते, तोवर बांबूची ताटी उभारून तिच्यावर कृष्णकमळ चढवा.