कडी जाड हवी की उंच?

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील एका खोलीची लाकडी जमीन उकलून नव्याने करावयाची आहे. फळ्या पेलणाऱ्या कड्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत 12 फुटांचा गाळा ओलांडावा लागेल. सुतार तीन बाय पाच इंची सागवानी कड्या दीड-दीड फुटावर टाकण्यास सांगतात आणि त्या कधीही मोडणार नाहीत, असा निर्वाळा देतात. हे माप पुरेसे आहे का?

उत्तर : कड्या मोडणार नाहीत, हे आपल्या सुतारांचे म्हणणे खरे आहे, मात्र जमीन हलेल. न मोडणे आणि न लवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घराच्या जमिनीत बहुधा दुसरीच आधी अडवते.

राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार, म्हणजे माणसे व सामानसुमान यांचा भार, धरतात. फळ्या व कड्यांचे स्वतःचे वजन म्हणून मी आणखी 50 किलो धरले आहेत. या हिशेबाने आपल्या कडीवर येणारा वाकण्याचा ताण दर चौरस मिलिमीटरला साडेनऊ न्यूटनच्या आसपास भरतो, आणि इमारती लाकडाच्या भारतीय मानक 883 नुसार मधल्या, म्हणजे सागवानाच्या, गटातील प्रथम प्रतीच्या लाकडाला 12 न्यूटनपर्यंत मुभा आहे. लवण, म्हणजे भाराने कडीचे खाली झुकणे, मात्र मधोमध सुमारे 22 मिमी येते. ती गाळ्याच्या 240 व्या भागाहून, म्हणजे येथे 15 मिमीहून, अधिक असू नये. खाली प्लास्टरचे छत असेल तर 360 वा भाग, म्हणजे 10 मिमी, ही मर्यादा धरावी. 22 मिमी लवणाऱ्या जमिनीवरून कोणी चालले की कपाटातील कपबश्या किणकिणू लागतात.

आता तीन बाय पाचऐवजी दोन बाय सात इंची कडी उभी ठेवून पाहा. 12 फुटी कडीला पहिल्या मापात सव्वा घनफूट लाकूड लागते, दुसऱ्यात त्याहून थोडे कमीच. तरीही लवण 12 मिमीवर येते. कारण कडीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. याच हिशेबाने रंध्याकडेही लक्ष ठेवावे : तीन बाय पाचची कडी साफ करताना पावणेतीन बाय पावणेपाच झाली, तर ताठपणाचा पाचवा हिस्सा भुशात गेला असे समजावे. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये माप सांगताना ते रंधा मारण्यापूर्वीचे की नंतरचे, हे आधी ठरवून घ्यावे.

उंच आणि अरुंद कडी आडवी कलंडू पाहते. उंची रुंदीच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे कड्यांच्या मध्ये, गाळ्याच्या मधोमध, घट्ट बसणाऱ्या ठोकळ्यांची एक ओळ द्यावी. खाली छत करणार असाल तर कड्यांमधील अंतर दीड फुटाऐवजी सव्वा फूट ठेवावे. वायरिंगसाठी कडीच्या खालच्या कडेला मध्यभागी खाच मारू देऊ नये. ताण सर्वांत जास्त तेथेच असतो.

प्रश्न : कसबा पेठेतील आमची 12 बाय 10 फुटांची खोली फार हलते. जुन्या कड्या 12 फुटांच्या, अखंड आहेत. त्या न काढता मधोमध आडवी तुळई दिली तर चालेल का? तिचे माप काय असावे?

उत्तर : चालेल, आणि फरक पायांना लगेच जाणवेल, कारण गाळा निम्मा झाला की कडीची लवण सोळाव्या हिश्शाहूनही कमी उरते. मात्र अखंड कड्यांच्या मधल्या टेकूवर निम्मा नव्हे, तर एकूण भाराच्या पाच-अष्टमांश भार येतो. म्हणून या 10 फुटी तुळईने सुमारे 1,750 किलो भार पेलायला हवा. चार बाय आठ इंची सागवानी तुळई त्याला पुरते. चार बाय नऊ घेतल्यास लवण 7 मिमीच्या आसपास राहील. मी नऊच घेतली असती.

खरा प्रश्न तुळईचा नसून तिच्या टोकांचा आहे. प्रत्येक टोकाला पावणेनऊशे किलो उतरतात, आणि आपल्या वाड्यांत भार लाकडी खांब पेलतात, विटा बहुधा खांबांमधील भराव असतात. तुळई भरावावर टेकवू नये. टोकाखाली पायापर्यंत जाणारा खांब द्यावा आणि ती जागा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. टोक भिंतीत चुन्याने घट्ट चिणू नये, बाजूंनी बोटभर हवा खेळू द्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी जुन्या कड्यांची भिंतीतील टोके टोच्याने टोचून पाहावीत, पावसाळी ओल धरणाऱ्या भिंतीकडची सर्वांत आधी. टोचा सहज आत शिरला तर मधली तुळई पुढे ढकलावी. अगोदर ती टोके सावरावी लागतील.